दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटातलं यंत्र

बंद पडलेल्या हृदयाला झटका देऊन पुन्हा चालू करणारं यंत्र वाचनालयात आलं आणि त्या दिवसापासून ग्रंथपालबाईंच्या जिवाला घोर लागला.

यंत्र बिचारं गरीब होतं. शिवणाच्या डब्याएवढं, लाल, वर पांढरं हृदय काढलेलं. एका जुन्या सभासदाची मुलगी ते देणगी म्हणून घेऊन आली होती. तिचे वडील बसस्टॉपवर कोसळले तेव्हा भोवती वीसेक माणसं उभी होती, आणि त्यांतल्या एकालाही काय करायचं ते ठाऊक नव्हतं. "बाबा रोज इथे येऊन बसायचे. निदान इथे तरी असू दे," एवढं म्हणून ती डोळे पुसत निघून गेली. अशा देणगीला नको कोण म्हणणार? समितीने एकमताने आभार मानले. मग ते यंत्र लावायचं कुठे हा विषय निघाला आणि एकमत संपलं.

समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर होते. आयुष्यभर पूल बांधले, आणि प्रत्येक पुलावरून सिमेंटची पोती चोरीला गेलेली पाहिली, त्यामुळे त्यांचा कुलपाशिवाय कशावरच विश्वास उरला नव्हता. "दाराशी लावलं तर कुणीतरी उचलून नेईल. मुलांच्या विभागात लावलं तर मुलं खेळतील. संदर्भ विभागात लावलं तर कोणाला सापडणार नाही."

संदर्भ विभागात पुस्तकंही कोणाला सापडत नाहीत, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाई सव्वीस वर्षं ओठांवर आलेलं गिळत आल्या होत्या.

शेवटी दुर्मिळ ग्रंथांचं काचेचं कपाट ठरलं. अख्ख्या इमारतीत धड चालणारं कुलूप तेवढं एकच होतं. समितीतले वकील म्हणाले, यंत्राला दाखल क्रमांक द्यायला हवा, नाहीतर उद्या ते वाचनालयाचं आहे हे सिद्ध कसं करणार? मग बाईंनी त्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि मागच्या बाजूला वाचनालयाचा गोल शिक्का मारला. नोंदवहीत विषय काय लिहावा, यावर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. वैद्यक म्हणावं तर त्यात वाचण्यासारखं काही नाही, वीज म्हणावं तर मोटार-दुरुस्तीच्या पुस्तकांशेजारी जाऊन बसेल. अखेर त्यांनी 'संकीर्ण' लिहिलं. मनासारखं काही सुचलं नाही की त्या नेहमी तेच लिहीत.

"आता हे चालवायला कोण शिकणार?" हा प्रश्न निघाला, तेव्हा बाई इतिवृत्ताच्या झेरॉक्स काढायला खाली गेल्या होत्या. वर आल्या तर सगळी समिती त्यांच्याकडे मोठ्या प्रेमाने बघत होती. इतक्या प्रेमाने समितीने याआधी त्यांच्याकडे एकदाच बघितलं होतं, कपाटांना वाळवी लागली तेव्हा.

शिकवायला जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. ठेंगण्या, आवाज दणदणीत. त्यांनी पिशवीतून हात-पाय नसलेला एक रबरी माणूस काढला आणि वाचनकक्षाच्या टेबलावर आडवा टाकला. वाचनालयाचा शिपाई, ज्याला बाईंपासून अध्यक्षांपर्यंत सगळे मामा म्हणत, तो दारातच थबकला. "ह्याला पण दाखल क्रमांक द्यायचा का?" त्याने विचारलं.

"आधी खांदे हलवा आणि विचारा," सिस्टर म्हणाल्या. "उत्तर नाही, श्वास नीट नाही, की मदतीसाठी ओरडा. मग छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ, आणि दाबा. दोन इंच. मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा."

"दोन इंच?" बाईंनी बोटांनी माप धरून पाहिलं. दोन इंच म्हणजे चांगली जाडजूड कादंबरी. "फासळ्या मोडल्या तर?"

"मोडतील. मोडलेल्या जुळतात. मेंदूला रक्त मिळालं नाही, तर पुढचं काही जुळत नाही. ओरडा आता."

बाई ओरडल्या. निदान त्यांची तशी समजूत होती.

"बाई, तुम्ही मदत मागताय की गुपित सांगताय?"

दोष बाईंचा नव्हता. डोक्यावर 'शांतता राखा'ची पाटी घेऊन सव्वीस वर्षं काढलेली बाई. भाजीवालीशीसुद्धा त्या कुजबुजत बोलत. घासाघीस केली हे तिला कधी कळतच नसे. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला. पलीकडच्या टेबलावरच्या वाचकाने पेपरातून मानसुद्धा वर केली नाही.

जाता जाता सिस्टर आणखी एक गोष्ट सांगून गेल्या आणि त्या गोष्टीने बाईंचा घात केला. "लक्षात ठेवा, हृदय बंद पडल्यावरही माणूस थोडा वेळ घोरल्यासारखा आवाज काढतो. मधेच एखादा आचका. बघणाऱ्याला वाटतं, झोपलाय. फसू नका. तो श्वास नव्हे."

आता वाचनकक्षात रोज सकाळी दहा ते बारा पेपर वाचायला कोण येतं? निवृत्त माणसं. आणि पेपराचं दुसरं पान उलटेपर्यंत ती काय करतात? घोरतात.

त्या दिवसापासून बाईंना वाचनकक्ष निराळाच दिसायला लागला. पूर्वी जिथे त्यांना माना टाकलेले वाचक दिसत, तिथे आता नुसत्या माना टाकलेल्या दिसू लागल्या. पुस्तकांवर शिक्के मारता मारता त्यांचे डोळे एकेका छातीवर जात. वर. खाली. वर. एखादी छाती खाली जाऊन वर यायला उशीर झाला की बाईंचीच वर यायची थांबे. घरीही तीच तऱ्हा. रविवारी दुपारी जेवून लवंडलेला नवरा डोळे उघडतो तो नाकासमोर वीतभर अंतरावर बायकोचा चेहरा. "अगं काय झालं?" तो दचकून उठला. "काही नाही. श्वास बघत होते." नवरा पुढचे तीन रविवार बसूनच पेंगला.

शेजारणीला हे कळलं, तेव्हा तिने धीर द्यायचं मनावर घेतलं. "काही करायला जाऊ नका हो. माझ्या नणंदेच्या दिरांची अशीच छाती दाबली कुणी तरी. ते नुसते चप्पल शोधायला वाकले होते." वकील त्याच्याही पुढचे. ते म्हणाले, छाती दाबण्याआधी लेखी संमती घेतलेली बरी.

"बेशुद्ध माणसाची सही कशी घ्यायची?" बाईंनी विचारलं.

"तो प्रश्न प्रत्यक्ष वेळेला उपस्थित होईल," वकील म्हणाले, आणि चष्मा पुसत निघून गेले.

बाईंनी सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती प्रूफकाकांची. काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाले तरी लाल पेन सुटलं नव्हतं. वाचनालयात येऊन ते रोजच्या पेपरातल्या चुका दुरुस्त करत. त्यांच्यानंतर पेपर घेणाऱ्याला बातमी कमी आणि लाल खुणा जास्त वाचायला मिळत. अकरा वाजले की हातात पेन तसंच धरून ते झोपी जात. घोरणं एकसारखं, लाकडावर रंधा फिरवल्यासारखं.

एका सकाळी रंधा थांबला. बाई खुर्चीतून उठल्या, तीन टेबलं ओलांडून गेल्या, आणि काकांचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं. "काका! ऐकू येतंय का?"

काकांनी डोळे उघडले. थंडपणे बाईंकडे पाहिलं. "येते आहे," ते म्हणाले. "आणि खांदेही माझेच आहेत, तेव्हा सोडा."

दुसऱ्यांदा असंच हलवलं तेव्हा काकांनी समितीला पत्र लिहिलं. 'या वाचनालयात वाचकास हलवून तो हयात असल्याची खात्री करून घेतली जाते. हे काम निवृत्तिवेतन कार्यालय वर्षातून एकदा करते, व तेही स्पर्श न करता.' एकही चूक नसलेलं पत्र. समितीने बाईंना बोलावलं. अध्यक्ष रागावले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात बोलले, आणि तेच बाईंना जास्त लागलं. सव्वीस वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही, एक तक्रार आली नाही, आणि आता हातात लेखी समज: 'वाचकांना स्पर्श करू नये.' त्यांनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. खण उघडला की तो वरच दिसे.

पण एका बाबतीत बाईंनी समितीचं ऐकलं नाही. कपाटाचं कुलूप. आयुष्यात पहिल्यांदाच त्या चोरून काही करत होत्या. रोज साडेनऊला आल्या की त्या कपाट उघडत, कुलूप नुसतं कडीत अडकवून ठेवत, किल्ली खणात. संध्याकाळी पुन्हा लावत. यासाठी त्यांची नजर रोज इतकी कावरीबावरी व्हायची, की एखाद्याला वाटावं बाई दुर्मिळ ग्रंथ विकताहेत.

तो मंगळवार होता. बाई पुस्तकांची देवघेव करत होत्या, त्यांच्यापुढे पाच-सहा सभासद उभे. पावणेबाराच्या सुमाराला वाचनकक्षातून एक आवाज आला. खर्रर्र असा, लांबलेला. मग काही नाही. मग पुन्हा एकदा, तुटका.

बाईंनी मान वर केली. प्रूफकाका खुर्चीत मागे रेलले होते, मान एका खांद्यावर, तोंड उघडं. रोजच्यासारखेच. आणि तरीही रोजच्यासारखे नव्हते. उठावं? तो कागद खणात होता. काका पुन्हा म्हणतील, खांदे सोडा. पुन्हा पत्र जाईल. पुन्हा त्या समजुतीच्या सुरात... बाई बसून राहिल्या. दहा सेकंद. कदाचित बारा. पुढे कित्येक दिवस त्या हे सेकंद मोजत होत्या आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा यायचा.

काकांच्या हातातून पेन सुटलं. फरशीवर टक् टक् करत घरंगळत गेलं. काकांनी ते उचललं नाही.

बाई धावल्या. खांदे धरले, हलवलं. "काका! काका!" डोकं नुसतं डुगडुगलं. ओठ राखेसारखे. छाती वर नाही, खाली नाही. आणि मग घशातून पुन्हा तो आवाज, घोरल्यासारखा, आणि बाईंना सिस्टरांचे शब्द जसेच्या तसे आठवले.

"मामा!" बाई ओरडल्या.

तो आवाज कुठून आला हे बाईंनाही कळलं नाही. मुलांच्या विभागातलं एक पोर रडायला लागलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडून खाली डोकावलं. वाचनकक्षातले सगळेच्या सगळे झोपलेले वाचक एकदम जागे झाले, आणि ही त्या परिस्थितीत पहिली दिलासा देणारी गोष्ट होती.

"मामा, यंत्र आणा! तुम्ही, निळा शर्ट, ॲम्ब्युलन्सला फोन लावा!"

निळ्या शर्टातले निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी आपल्या अंगाकडे पाहिलं. "हा राखाडी आहे..."

"फोन लावा!"

पोस्टमास्तरांनी फोन लावला. मग बाईंनी आणि त्यांनी मिळून काकांना खुर्चीतून खाली ओढलं, टेबल लाथेने मागे सरकवलं, सगळे पेपर फरशीवर पसरले. बाई गुडघ्यांवर बसल्या. तळहात छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा, कोपरं ताठ. रबरी माणूस थंड होता. काका ऊबदार होते, आणि बाईंना त्या उबेचीच जास्त भीती वाटली. त्यांनी दाबलं.

कट्.

आतून आवाज आला. हाताखाली काहीतरी मोडल्याचं बाईंना स्पष्ट कळलं. एक क्षण त्यांचे हात तिथेच गोठले. डोळ्यांपुढे वकिलांचा चष्मा आला. मग त्यांनी पुन्हा दाबलं. "एक, दोन, तीन, चार..." आकडे बाहेर येत राहिले, मोठमोठ्याने.

"बाई!" कपाटाकडून मामाची हाक आली. "कुलूप लागलंय!"

"किल्ली खणात! अकरा, बारा..."

खण उघडल्याचा आवाज. कागद उपसल्याचा आवाज. "खणात नाही!"

सकाळी आपल्या हाताने उघडलं होतं. आपल्या हाताने. "काच फोडा! सतरा, अठरा..."

मामाने ती काच वीस वर्षं रोज पुसली होती. तो इकडे तिकडे पाहत राहिला. "कशाने फोडू?"

"मामा!"

मग एक दणका आणि खळकन काचा पडल्याचा आवाज झाला. मामाने शेजारच्या फळीवरचा शब्दकोशाचा तिसरा खंड, 'त' ते 'न', दोन्ही हातांनी उचलून कपाटावर घातला होता. मनगटावर रक्त घेऊनच तो यंत्र घेऊन धावत आला.

झाकण उघडताच यंत्रातली बाई बोलायला लागली. तिचा आवाज स्वच्छ, शांत. त्या खोलीत घाबरलेली नव्हती ती एकटीच. रुग्णाची छाती उघडी करा, ती म्हणाली. पेपरातली कात्रणं कापायच्या कात्रीने मामाने शर्ट आणि बनियन कापलं. घामाने छाती ओली होती. टेबल पुसायच्या फडक्याने ती कोरडी केली. चित्रात दाखवल्याप्रमाणे एक चिकटपट्टी उजव्या खांद्याखाली, दुसरी डाव्या काखेखाली. घाईत पहिली पट्टी बाईंच्याच मनगटाला चिकटली. ती सोडवून लावली.

रुग्णाला हात लावू नका. तपासणी चालू आहे.

एवढ्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत इतकी शांतता बाईंनी कधी ऐकली नव्हती. आणि ती नको होती.

झटका आवश्यक आहे. सर्वांनी दूर व्हा.

बटण लुकलुकत होतं. "लांब व्हा! सगळे लांब!" बाईंनी तीन वेळा सांगितलं, स्वतःलासुद्धा एकदा. आणि बटण दाबलं. काकांचं अंग फरशीवरून उसळलं आणि पडलं. बाईंच्या तोंडून किंकाळी निघाली. यंत्रातल्या बाईला त्याचं काही नव्हतं. छाती दाबणे सुरू करा, ती म्हणाली.

बाईंचे दंड भरून आले होते. त्यांनी पंधरा वेळा दाबलं आणि सोळाव्याला हात वाकले. "मी करतो," म्हणत पोस्टमास्तर बसले. चौतीस वर्षं टपालावर शिक्के मारलेले हात. पहिल्या दाबापासून ताल पक्का होता, ना मंद ना घाईचा. बाई शेजारी बसून मोजत राहिल्या. मोजणं थांबलं तर काहीतरी भयंकर होईल, अशी त्यांची खात्री झाली होती.

दीड-दोन मिनिटं गेली असतील. काकांचा हात हलला. तो सावकाश वर आला आणि छातीवरचे पोस्टमास्तरांचे हात ढकलू लागला. मग काकांच्या तोंडून शब्द आला, अस्पष्ट, घोगरा.

"आई गं."

पोस्टमास्तर हात वर करून तसेच बसले, पोलिसांनी पकडल्यासारखे. बाईंनी काकांच्या छातीकडे पाहिलं. वर. खाली. वर.

फोन केल्यापासून अकराव्या मिनिटाला ॲम्ब्युलन्सची माणसं आली. त्यांनी काकांना उचललं, तोंडाला नळी लावली. जाताना त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "सुरुवात कोणी केली?"

सगळ्यांनी बाईंकडे बोट दाखवलं. बाई उभ्या राहिल्या. "काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. आवाज पुन्हा कुजबुजता झाला होता.

"नाही बाई," तो म्हणाला. "तुमच्यामुळे आम्ही घाई करण्यात अजून अर्थ आहे."

गाडी गेली. बाई वाचनकक्षाच्या टेबलाखाली जाऊन बसल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मामाने मनगटाला रुमाल बांधला, टेबलाखाली पाण्याचा पेला सरकवला, आणि दारावर 'वाचनालय आज बंद' अशी पाटी लावली. त्याने अशी पाटी कोणालाही न विचारता पहिल्यांदाच लावली होती.

संध्याकाळी अध्यक्ष आले. एकटेच. फुटलेल्या कपाटापुढे ते खूप वेळ उभे राहिले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"सकाळी जुना नकाशा बघायला आलो होतो. कपाट उघडं दिसलं. तुम्ही देवघेवीत होतात. मी खणातली किल्ली घेतली, कुलूप लावलं, आणि..." त्यांनी फुटलेल्या कपाटाकडे पाहिलं. "तिथे काच नसती आणि लाकूड असतं तर, बाई?"

बाईंनीही तोच विचार दिवसभर केला होता. त्यांना अध्यक्षांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. सव्वीस वर्षांचं साठलेलं होतं. पण समोरचा माणूस ती किल्ली बोटाने त्यांच्याकडे सरकवतच राहिला होता. "मी पण लगेच उठले नाही," त्या म्हणाल्या. "मला पण थोडा वेळ लागला."

मग दोघांनी मिळून त्या काचा गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी घरचं ड्रिल मशीन आणून दाराशेजारी स्वतःच्या हाताने खुंट्या ठोकल्या आणि यंत्राची पेटी टांगली. ती चांगलीच तिरकी बसली. आयुष्यभर पूल बांधलेल्या माणसाकडून असं कसं झालं, हे कोणी विचारलं नाही. समितीची बैठक मात्र झालीच. एकाच बैठकीत बाईंच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर झाला आणि काच कोणाच्या पूर्वपरवानगीने फुटली, याची नोंद करायला वकिलांनी सांगितलं. मामाने ठराव ऐकून घेतला आणि शब्दकोशाला नवीन पुठ्ठा लावायला घेतला.

यंत्राच्या पट्ट्या एकदाच वापरायच्या असतात. नव्या येईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत बाई प्रत्येक वाचकाला आत येताना "तब्येत बरी आहे ना?" असं विचारत, आणि कुणी "तशी ठीक आहे" म्हणालं, तर त्याला पेपर घरी घेऊन जायची परवानगी देत. असं वाचनालयाच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं.

काका वाचले. तीन फासळ्या मोडल्या, छातीत एक छोटं यंत्र बसलं, आणि तीन आठवड्यांनी ते घरी आले. बाई भेटायला गेल्या नाहीत. दवाखान्यात जायचं ठरवून दोनदा निघाल्या आणि दोनदा कोपऱ्यावरून परत आल्या. फासळ्या आपण मोडल्या, आणि त्याआधीचे ते दहा-बारा सेकंद. तोंड कसं दाखवायचं?

मग एका दुपारी काकूच वाचनालयात आल्या. बारीक अंगाच्या, चेहरा ओढलेला. त्या बाईंपुढे उभ्या राहिल्या.

"कसे आहेत काका?" बाईंनी विचारलं.

"बरे आहेत. झोपतात." आणि एकदम काकूंचे डोळे भरले. "झोपले की मला धडकी भरते. मी उशाशी बसून नुसती बघत असते. हात लावला तर चिडतात, नाही लावला तर मला राहवत नाही. घरात आम्ही दोघंच. उद्या पुन्हा काही झालं तर तिथे मीच असणार ना? मला शिकवा, बाई."

बाई त्याच दिवशी त्यांच्याबरोबर घरी गेल्या. छोटंसं घर, दोन खोल्या. काका खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते, निम्मे झालेले. बाईंना पाहून ते उठायला गेले आणि छाती धरून पुन्हा बसले.

"तुमचे फार उपकार," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तुम्हाला भीती वाटली होती का हो?"

"अजून वाटते," बाई म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. "मलाही," ते म्हणाले. "डोळे मिटताना."

सोफ्यावरची घट्ट उशी फरशीवर ठेवली. बाईंनी काकूंचे हात धरून ते उशीच्या मधोमध टेकवले, कोपरं ताठ केली, दाखवलं. काकूंनी हलकेच दाबलं, भाकरीला बोट लावावं तसं.

"एवढ्याने नाही, काकू. जोरात. अंगाचा भार टाका."

काकूंनी भार टाकला. उशी दबली, आणि पलीकडे आरामखुर्चीत काकांचा हात आपोआप स्वतःच्या फासळ्यांवर गेला. पुन्हा दबली, पुन्हा गेला. बाईंना हसू आलं, काकूंनाही आलं, आणि काका म्हणाले, "हसा, तुमचं काय जातंय." त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणीतरी हसलं असावं.

पण वीसेक वेळा दाबल्यावर काकू थांबल्या. हात उशीवरच होते.

"आणि नाही उठले तर?" त्यांनी विचारलं.

ह्याच प्रश्नाची बाईंना भीती होती. सिस्टरांना त्यांनी तो विचारला नव्हता, स्वतःलाही नाही. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी काकूंच्या शेजारी फरशीवर बसकण मारली.

"दर वेळी उठतात असं नाही, काकू. सगळं बरोबर केलं तरी नाही उठत कधीकधी. ते आपल्या हातात नसतं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"थांबू नकोस," ते म्हणाले. तिकडेच बघत, अगदी हळू.

काकूंनी हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं. कोपरं ताठ केली. आणि पुन्हा दोन्ही हात उशीच्या मधोमध ठेवून त्या वाट बघत राहिल्या.

"एक," काका म्हणाले.